वेगळ्या रीतीने शिकणारी मुले आणि एआयची अभ्याससाधने

तोंडी विचारले तर नेमके उत्तर देणारा, पण तेच उत्तर वहीत लिहायला सांगितले की दोन ओळींवर अडणारा विद्यार्थी प्रत्येक शिक्षकाने पाहिलेला असतो. प्रकल्पाचा विषय मिळताच दहा कल्पना सांगणारी आणि शेवटच्या रात्रीपर्यंत एक ओळही न लिहिणारी मुलगीही आपल्या ओळखीची असते. अशा मुलांना आपल्याकडे ‘आळशी’, ‘धांदरट’, ‘लक्षच नसते’ अशी विशेषणे चटकन मिळतात. मुलेही ती खरी मानू लागतात, आणि खरे नुकसान तिथेच होते.

गेल्या काही वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्तेची, म्हणजे एआयची, अनेक साधने मुलांच्या हाती आली आहेत. त्यांतली काही अशा मुलांना फार उपयोगी पडू शकतात. मात्र तीच साधने मुलाचा अभ्यास त्याच्या हातून काढूनही घेऊ शकतात. दोन्हींमधली सीमा कशी ओळखावी, हा या लेखाचा विषय आहे. आठवी ते बारावीचे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासाठी आम्ही तो पाठाच्या रूपात मांडत आहोत.

१. आधी मूल समजून घेऊ

काही मुलांचा मेंदू वाचन, लेखन, आकडेमोड, लक्ष देणे किंवा इतरांशी संवाद साधणे या गोष्टी इतरांहून निराळ्या रीतीने करतो. अशा मुलांना आज ‘न्यूरोडायव्हर्जंट’ म्हणतात. डिस्लेक्सिया (वाचन अक्षमता), डिसग्राफिया (लेखन अक्षमता), डिसकॅल्क्युलिया (गणन अक्षमता), एडीएचडी (लक्ष टिकवण्यातली व आवर घालण्यातली अडचण) आणि ऑटिझम (स्वमग्नता) हे त्यांतले नेहमी आढळणारे प्रकार. यांचा बुद्धीच्या कमी-जास्तपणाशी सरळ संबंध नाही.

ही गोष्ट नवी नाही. इंग्लंडमधील डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी १८९६ साली एका १४ वर्षांच्या मुलाची नोंद प्रसिद्ध केली. मुलगा हुशार होता, गणितात चांगला होता, पण त्याला छापील शब्द वाचता येत नव्हते. सगळे शिक्षण तोंडी दिले असते तर हा शाळेतला सर्वांत चलाख मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत त्या नोंदीत दिले आहे. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या शिक्षकाला जे कळले होते, ते आपल्याकडे बऱ्याच घरांत २००७ सालच्या ‘तारे जमीन पर’ या चित्रपटानंतर पोहोचले.

कायद्यानेही याची दखल घेतली आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि ऑटिझम यांचा समावेश आहे. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांसारख्या सोयींचा उल्लेख त्याच्या कलम १७ मध्ये आहे. एडीएचडीचे नाव मात्र त्या यादीत स्वतंत्रपणे नाही.

आपल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. वडोदऱ्यातले मराठी मूल घरी मराठी, रस्त्यावर गुजराती, दूरदर्शनवर हिंदी आणि पुस्तकात इंग्रजी अशा चार भाषांत वावरते, आणि देवनागरी, गुजराती व रोमन अशा तीन लिप्या शिकते. देवनागरीत ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी दिसते, पण उच्चारात नंतर येते. रफार ज्या अक्षरावर दिसतो, त्याच्या आधी उच्चारला जातो. गुजरातीत डोक्यावरची रेघ नसते, आणि २ हा आकडा ‘र’सारखा, तर ५ हा आकडा ‘प’सारखा दिसतो. सर्वसाधारण मुले हे सहज पचवतात. वाचनाची अडचण असलेल्या मुलाला मात्र प्रत्येक लिपीत नव्याने लढावे लागते. म्हणून मुलाची तपासणी तो ज्या भाषेत शिकला त्या भाषेत होणे आवश्यक असते. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ ही चाचणी हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीतही आहे, हे मराठी पालकांना माहीत असावे.

२. प्रकल्प करताना मूल नेमके कुठे अडते?

‘माहिती गोळा करून प्रकल्प लिहा’ हे सांगायला एक वाक्य आहे, पण त्यात निदान सहा कामे दडलेली असतात: प्रश्न ठरवणे, संदर्भ शोधणे, वाचणे, उपयोगाचे निवडून लक्षात ठेवणे, मुद्दे क्रमाने लावणे आणि लिहिणे. डिस्लेक्सिया असलेले मूल तिसऱ्या कामात इतके थकते की चौथ्यापर्यंत पोहोचतच नाही. एडीएचडी असलेल्या मुलाला पहिले पाऊल टाकणे जड जाते. डिसग्राफिया असलेल्या मुलाकडे सर्व मुद्दे असतात, ते हाताने कागदावर उतरत नाहीत. ऑटिझम असलेल्या मुलाला ‘थोडक्यात लिहा’ म्हणजे किती ओळी, हेच कोणी सांगितलेले नसते.

आता असा प्रश्न विचारू: या प्रकल्पातून मुलाने शिकायचे काय आहे? इतिहासाच्या प्रकल्पातून शिकायचा असतो तो पुराव्यावरून निष्कर्ष काढणे. बारीक टाइपातली पाने वाचणे हे तिथे साध्य नाही, ती केवळ वाट आहे. यावरून आमचा नियम असा: जे शिकायचे आहे ते मुलानेच करावे, वाटेत जे आड येते तेवढेच यंत्राने बाजूला करावे.

हा नियम विषयानुसार बदलतो. इतिहासाचा धडा यंत्राने वाचून दाखवला तर काही बिघडत नाही. पण मराठीच्या तासाला वाचन हेच शिकायचे असेल, तर तिथे यंत्राने सगळे वाचून टाकणे बरे नव्हे. तिथे मुलाने वाचावे, आणि अडलेल्या शब्दापुरती मदत घ्यावी.

३. अडचणीप्रमाणे साधन

*वाचन जड जाते तेव्हा.* मोबाइलच्या कॅमेऱ्याने पुस्तकाच्या पानाचा फोटो घेऊन त्यातला मजकूर वेगळा काढता येतो आणि तो मोठ्याने ऐकता येतो. मायक्रोसॉफ्टच्या इमर्सिव्ह रीडरमध्ये वाचला जाणारा शब्द ठळक होतो, आणि एका वेळी एकच ओळ उठून दिसेल अशी सोयही आहे. ऐकताना डोळे ओळीवर ठेवायला सांगावे. मराठीसाठी दोन सूचना. पहिली, आवाज निवडताना ‘मराठी’ निवडला आहे ना, ते पाहावे. लिपी एकच असल्याने मराठी मजकूर हिंदी आवाजात वाचला जातो, आणि मग ‘ळ’सारखे उच्चार बिघडून मूल अधिकच गोंधळते. मराठी आवाजही ‘जग’ हा शब्द दुनिया या अर्थाचा की जगण्याचा, हे दर वेळी ओळखेलच असे नाही. दुसरी सूचना, अक्षरांमधली जागा वाढवल्याने डिस्लेक्सिया असलेल्या इटालियन व फ्रेंच मुलांचे वाचन सुधारल्याचे २०१२ च्या एका अभ्यासात आढळले होते. देवनागरीत मात्र अक्षरे लांब केली की डोक्यावरची रेघ तुटते. म्हणून आपण शब्दांमधली आणि ओळींमधली जागा वाढवून पाहावी.

*सुरुवातच होत नाही तेव्हा.* ‘गॉब्लिन टूल्स’ नावाचे एक साधन अशा लोकांना डोळ्यांपुढे ठेवूनच बनवलेले आहे. त्यात ‘प्रकल्प पूर्ण करणे’ असे मोठे काम लिहिले की त्याची लहान लहान कामे करून मिळतात. काम किती अवघड वाटते हे मिरच्यांच्या संख्येने सांगायचे. मिरच्या जास्त, तर पायऱ्या अधिक बारीक. यादी मिळाली की मुलाने ती स्वतःच्या हाताने वहीत उतरवावी, नको त्या पायऱ्या खोडाव्यात आणि पहिल्या पायरीपुढे वेळ लिहावी.

*लिहिणे जड जाते तेव्हा.* गुगलच्या कीबोर्डवर २०१७ पासून मराठीत आणि गुजरातीत बोलून लिहिता येते. मुलाने आधी मुद्दे बोलून टाकावेत, मग ते वाचून किंवा ऐकून दुरुस्त करावेत. विचार मुलाचा, टंकलेखन यंत्राचे. आपला नियम इथे तंतोतंत पाळला जातो.

*संदर्भ आवरत नाहीत तेव्हा.* गुगलचे ‘नोटबुक एलएम’ हे साधन २०२३ साली आले. यात आपण निवडलेले लेख वा पाने ठेवायची आणि प्रश्न विचारायचे. उत्तर त्या मजकुराच्या आधाराने मिळते, आणि उत्तरापुढच्या आकड्यावर बोट ठेवले की मूळ उतारा उघडतो. तो उतारा पाहण्याची सोय हीच यातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे. महाविद्यालयात गेलेल्या मुलांसाठी ‘सिमँटिक स्कॉलर’ हे शोधनिबंध शोधण्याचे साधन २०१५ पासून आहे. त्यात अनेक निबंधांचे सार एका वाक्यात दिसते, त्यामुळे कोणता निबंध पूर्ण वाचायचा ते लवकर ठरते.

*सूचना संदिग्ध असते तेव्हा.* शिक्षकांनी दिलेला प्रश्न एआयपुढे ठेवून ‘यात माझ्याकडून नेमके काय काय अपेक्षित आहे, ते मुद्दे घालून सांग, उत्तर देऊ नकोस’ असे विचारता येते. एकच गोष्ट पाच वेळा विचारली तरी यंत्र वैतागत नाही. पुन्हा पुन्हा विचारल्यावर वर्गात हशा ऐकलेल्या मुलाला हे किती मोलाचे आहे, ते सांगायला नको. तरीही यंत्राने लावलेला अर्थ शिक्षकांना एकदा दाखवून घ्यावा.

४. नमुना पाठ: सक्तीचे शिक्षण बडोद्यात कधी सुरू झाले?

समजा, नववीतल्या एका विद्यार्थ्याला वाचनाची अडचण आहे आणि त्याने वरचा विषय घेतला आहे. त्याने पुढील क्रमाने जावे.

पहिली पायरी, आपल्याला काय माहीत आहे ते बोलून ठेवणे. यंत्राला काहीही विचारण्याआधी दोन मिनिटे स्वतः बोलावे: ‘सयाजीराव महाराजांनी शाळा काढल्या. मुलींनाही शिकवले. साल माहीत नाही.’ हे टिपण शेवटपर्यंत जपावे.

दुसरी पायरी, संदर्भ माणसाने निवडणे. शाळेचे ग्रंथपाल किंवा शिक्षक यांच्या मदतीने दोन-तीन विश्वासाचे संदर्भ घ्यावेत. मराठी विश्वकोश संगणकावरही उपलब्ध आहे. त्याशिवाय शाळेच्या ग्रंथालयातले एखादे चरित्र घ्यावे.

तिसरी पायरी, ऐकणे. नोंदी ऐकाव्यात, एका बैठकीत १० मिनिटांहून अधिक नको. प्रत्येक बैठकीनंतर एक वाक्य स्वतःच्या शब्दांत बोलून नोंदवावे.

चौथी पायरी, विचारणे. सूचना अशी द्यावी: ‘मी दिलेल्या मजकुरातूनच उत्तर दे. सक्तीच्या शिक्षणाबद्दल कोणकोणती साले आली आहेत, ती सांग. प्रत्येक सालापुढे मूळ वाक्य दे. मजकुरात नसेल तर “नाही” असे लिही.’

पाचवी पायरी, पडताळणे. इथे गंमत होते. एका ठिकाणी १८९३ सापडते, दुसऱ्या ठिकाणी १९०६. सालांवरून गडबडलेले मूल म्हणेल की दोघांपैकी एक चूक आहे. यंत्रही एखादे साल छातीठोकपणे पुढे करील. पण मूळ वाक्ये शेजारी शेजारी ठेवली की उलगडा होतो: १८९३ साली अमरेली भागात प्रयोग सुरू झाला, आणि १९०६ साली सक्तीचे प्राथमिक शिक्षण सगळ्या संस्थानात लागू झाले. दोन्ही साले बरोबर आहेत, प्रश्नच अपुरा होता. आता मुलाला नवा प्रश्न सुचतो: मध्ये तेरा वर्षे का गेली? गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले, ते मंजूर का झाले नाही? संशोधन म्हणतात ते हेच, आणि हे करायला भराभर वाचता यावेच लागते असे नाही. ही पायरी यंत्राच्या हाती दिली असती, तर मुलाला एक साल मिळाले असते आणि प्रश्न मिळाला नसता.

सहावी पायरी, सांगणे. मुलाने पाच मुद्दे बोलून लिहावेत, क्रम लावावा आणि पहिल्या दिवशीच्या टिपणाशेजारी ठेवावेत. आपण किती पुढे आलो हे त्याला स्वतःला दिसते. ‘मला जमत नाही’ म्हणणाऱ्या मुलासाठी एवढा पुरावा पुष्कळ असतो. शेवटी यंत्राची मदत कुठे कुठे घेतली, ते दोन ओळींत प्रामाणिकपणे लिहावे.

५. सावधगिरी

यंत्र नसलेले संदर्भ बनवून देते. २०२३ साली न्यूयॉर्कमधल्या एका खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, प्रत्यक्षात कधीच न झालेले निवाडे न्यायालयात सादर केले आणि त्यांना ५,००० डॉलर दंड झाला. वकिलांची ही गत, तर विद्यार्थ्याने किती जपावे! पुस्तकाचे नाव मिळाले तर ते ग्रंथालयात आहे का पाहावे. न सापडल्यास प्रकल्पात घालू नये. वाचनाने थकणाऱ्या मुलाला पडताळणी जड जाते, म्हणून त्याने मोजकेच संदर्भ घ्यावेत, पण ते पूर्ण तपासावेत.

यंत्राने निदान करू नये. ‘माझ्या मुलाला डिस्लेक्सिया आहे का?’ हा प्रश्न एआयला विचारायचा नाही. त्यासाठी बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक आहेत. तसेच मुलाचे नाव, शाळा, तपासणीचा अहवाल यांतले काहीही अशा साधनात टाकू नये. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. साधनांनाही वयाच्या अटी असतात. चॅटजीपीटीसाठी किमान वय १३ आहे, आणि १८ पर्यंत पालकांची परवानगी लागते.

आणखी एक गोष्ट. यंत्र कधी कंटाळत नाही आणि बहुधा आपल्या म्हणण्याला होकार देते. ज्या मुलाला मित्र कमी, त्याला ते फार गोड वाटते. म्हणून साधन घरातल्या सर्वांच्या वावराच्या जागी, ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या कामासाठीच वापरावे.

६. शिक्षकांसाठी दोन शब्द

प्रकल्प मुलाने केला की यंत्राने, हे ओळखून देण्याचा दावा करणारी साधने निघाली आहेत. त्यांच्यावर विसंबू नये. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले निबंधही अशा साधनांनी यंत्राचे ठरवल्याचे २०२३ च्या एका अभ्यासात दिसले. त्यापेक्षा मुलाला जवळ बसवून पाच मिनिटे तोंडी विचारावे: ‘हे साल कुठे सापडले? दुसरे साल का नाही घेतलेस?’ ज्याने काम केले आहे तो सांगू शकतो, आणि वाचन-लेखनात मागे पडणारी कित्येक मुले इथे पुढे असतात. तोंडी गुण ही त्यांच्यावरची मेहेरबानी नव्हे. त्यांना जे येते ते मोजण्याची ती अधिक बरोबर पट्टी आहे.

चष्मा लावणाऱ्या मुलाला आपण कधी ‘बिनचष्म्याचे वाच, तरच खरे’ असे म्हणत नाही. ऐकून शिकणाऱ्या मुलालाही तसे म्हणू नये. मात्र चष्म्यातून पाहायचे मुलानेच असते, हेही त्याला पुन्हा पुन्हा सांगावे.

स्वाध्याय

(विद्यार्थी व पालक यांनी मिळून करावा.)

१. चालू असलेल्या एका प्रकल्पाची कामे वहीत मांडा. प्रत्येक कामापुढे ‘हे मला शिकायचे आहे’ किंवा ‘हे आड येते’ असे लिहा. कोणत्या कामात मदत घ्यायची ते त्यावरून ठरवा.

२. पाठ्यपुस्तकातले एक पान आधी स्वतः वाचा. दुसरे पान डोळे ओळीवर ठेवून ऐका. दोन्ही पानांतले किती मुद्दे आठवतात ते मोजा. कोणती रीत आपल्याला मानवते?

३. आपल्या परिसरातल्या एका जुन्या वास्तूबद्दल एआयला विचारा. त्याने सांगितलेल्या तीन गोष्टी ग्रंथालयात किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांकडून पडताळा. किती बरोबर निघाल्या?

४. ‘नीट अभ्यास कर’ ही सूचना आई-बाबांनी पाच स्पष्ट वाक्यांत पुन्हा सांगावी. मुलाने प्रत्येक वाक्य समजले की नाही ते सांगावे.

स्वाध्याय लिहून, टंकलिखित करून किंवा आवाजात नोंदवून, कोणत्याही रीतीने दिला तरी चालेल. वर्गशिक्षकांकडे तो तीनही रूपांत सारख्याच गुणांना पात्र राहील.